गाडीला लोन मिळतं, मग छपरावरच्या सोलरला का नाही? कोकणातल्या पतसंस्थांच्या संचालकांना खुलं पत्र

चेअरमन साहेब आणि सगळी संचालक मंडळी, नमस्कार.

हे पत्र एकाच संस्थेसाठी नाहीये. श्रीवर्धनपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत ज्या ज्या गावात पतसंस्थेची नाहीतर सहकारी बँकेची पाटी आहे तिथल्या संचालकांनी ते वाचावं, आणि सभासदांनी तर वाचावंच, कारण ठेवी त्यांच्या आहेत. लिहायचं कारण असं की यंदाच्या वार्षिक सभेत आमच्या बचत गटाच्या बायकांनी एक ठराव दिला होता, घरावरच्या सोलरसाठी आणि वीज कमी खाणाऱ्या सामानासाठी संस्थेने वेगळी कर्ज योजना काढावी असा. रीतसर लेखी दिला, मुदतीत दिला, पोच घेतली. सभेत तो वाचून झाला आणि लगेच व्यासपीठावरून उत्तर आलं, "सध्या आपल्या धोरणात बसत नाही, पुढच्या वर्षी बघू." चर्चा नाही, प्रश्न नाही, काही नाही. त्याच्या पुढचाच विषय होता चारचाकीच्या कर्जाचा व्याजदर अर्धा टक्का कमी करायचा, तो टाळ्या वाजवून मंजूर झाला. गाडीला लोन द्या, लोकांना गाड्या लागतात, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण सोलरचा विषय ऐकूनसुद्धा घ्यायचा नाही हे मला पटलेलं नाही, आणि गप्प बसून पुढच्या वर्षाची वाट बघायची माझी तयारी नाही.

मी दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका गावात राहते. घरचे मासेमारीत आहेत, थोडी हापूसची कलमं आहेत, आणि आम्ही गटाच्या बायका कोकमाचं आगळ, आंबापोळी, फणसपोळी, हवाबंद आमरस असं करून विकतो. त्यासाठी दोन डीप फ्रीझर आहेत, घरचा फ्रीज, विहिरीवरचा पंप, मिक्सर, आणि कोकणातल्या दमट हवेत दिवसरात्र फिरणारे फॅन. लाईटबिल उन्हाळ्यात तीन हजारांच्या वर जातं आणि त्यात आमची निम्मी कमाई जाते असं वाटायला लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आजूबाजूच्या गावांत पोल आडवे झाले होते आणि कित्येक वाड्यांवर आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, तुमचीही घरं त्यातलीच आहेत. वर्ष व्हायच्या आत मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, ऐन आंब्याच्या हंगामात, आणि फ्रीझरमधला आमरस आंबून आम्ही खड्ड्यात ओतला. तेव्हापासून सोलर हा आमच्या गटात सारखा निघणारा विषय आहे.

आता ज्यांना योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, एक कोटी घरांचं लक्ष्य आणि ७५ हजार कोटींच्या वर तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार सबसिडी, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजार, आणि त्याच्यापेक्षा मोठं बसवलं तरी तेवढीच. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला १०० ते १२० युनिट मिळतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कमी होते हे खरंय, जुलैत तर कधीकधी आठवडाभर सूर्य दिसत नाही, पण नेट मीटरला, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरला, उरलेली युनिटं ३१ मार्चपर्यंत पुढच्या बिलांत वळती होत राहतात, म्हणजे एप्रिल-मेच्या कडक उन्हात जास्तीची तयार झालेली वीज जून-जुलै-ऑगस्टला उपयोगी पडते. वर्ष एप्रिलला सुरू होतं हे कोकणाच्या पथ्यावरच पडतं. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या घरांना १ किलोवॅट २,५०० रुपयांत आणि १०० युनिटच्या आत वापर असलेल्या सर्वसाधारण गटातल्या घरांना १०,००० रुपयांत देणारी योजना आणली, ती चांगलीच आहे. पण आमच्यासारखी जी घरं १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये बसतात, जिथे युनिटचा दर एकदम जवळजवळ दुप्पट होतो, ती ना गरिबात धरली जातात ना त्यांच्याकडे एकरकमी पैसा असतो. तुमचे बहुतेक सभासद नेमके ह्याच घरांतले आहेत.

३ किलोवॅटचं कोटेशन आमच्याकडे साधारण दोन लाखांच्या आसपास येतं, गाव आत असेल तर वाहतूक वेगळी. ७८ हजार वजा केले तर राहिले १ लाख २२ हजार. ऐकायला ठीक वाटतं. पण सबसिडी येते सगळं बसवून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर, म्हणजे आधी दोन लाख उभे करावे लागतात. सरकारने त्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकांतून ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांच्या आतलं विनातारण कर्ज ठेवलंय, व्याजही ६-७ टक्क्यांच्या आसपास, कागदावर ह्याच्याहून स्वस्त कर्ज मिळणार नाही. मग लोक घेत का नाहीत असं सभेनंतर एका संचालकांनी विचारलं होतं. का घेत नाहीत ते मी सांगते, कारण आमच्या गटातल्या बायकांबरोबर मी स्वतः एका बँकेच्या शाखेत जाऊन बसलेली आहे.

तिथे पहिला प्रश्न, लाईटबिल कुणाच्या नावावर? सासऱ्यांच्या. सासरे हयात आहेत का? नाहीत. मग आधी नाव बदलून आणा. नाव बदलायला घराची कागदपत्रं, घर ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला चुलत सासऱ्यांच्या नावाने, जमिनीच्या सातबाऱ्यावर वीस-बावीस नावं, त्यातले निम्मे मुंबईला, एक घर बडोद्याला, दोघेजण वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. सगळ्यांची संमती आणा म्हणतात. कोकणात कुठल्याही वाडीत जा, दहातल्या आठ घरांची हीच कथा सापडेल, आमचं काही जगावेगळं नाही. घर शंभर वर्षं आमच्याच वापरात आहे, घरपट्टी आम्ही भरतो, बिल आम्ही भरतो, पण कागदावर आम्ही कुणीच नाही. त्यानंतर इन्कम टॅक्सचं रिटर्न मागतात, ते आंबा-मासळीवाल्याकडे कुठून असणार. मग सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा स्कोअर. ज्याने आयुष्यात कधी बँकेचं कर्जच घेतलं नाही त्याला सिबिल नाही, आणि सिबिल नाही म्हणून कर्ज नाही. शाखेतला साहेब वाईट माणूस नव्हता, त्याने चहा पाजला, पण तो लातूरकडचा, तीन वर्षांत बदलून जाणार, त्याला आमची वाडी माहीत नाही, कोण कसा व्यवहार ठेवतो ते माहीत नाही, तो कागदच बघणार.

तुम्हाला मात्र ते सगळं माहीत आहे. कुठल्या घरात कोण राहतं, कुणाचा मुलगा बोटीवर आहे, कुणी मागचं कर्ज कसं फेडलं, कुणाची भाऊबंदकी चालू आहे, हे तुमच्या वसुली अधिकाऱ्याला तोंडपाठ असतं. दुचाकीचं कर्ज तुम्ही अर्ध्या दिवसात करता, दोन जामीनदार, आधार, पॅन, झालं. सोनं ठेवलं तर तासाभरात पैसे हातात. म्हणून तर माझी तक्रार तुमच्याकडे आहे, त्या बँकेकडे नाही.

आणि सोन्याचाच विषय निघालाय तर तोही सांगते. योजनेचं कर्ज मिळालं नाही की घरातली बाई बांगड्या घेऊन तुमच्याकडेच येते. सोनेतारण वर्षभराचं असतं, व्याज जास्त, आणि सोलरचा पैसा वसूल व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. वर्ष संपलं की नूतनीकरण करा, व्याज भरा, परत ठेवा. म्हणजे बिल वाचून जे हजार-दोन हजार हातात राहतात ते व्याजात जातात आणि बांगड्या तिथेच. आमच्या शेजारच्या वाडीत एकीचं असंच झालंय, पॅनल छपरावर आहेत, बिल शंभर-दीडशे येतं, आणि तरी ती म्हणते सोलर परवडलं नाही. तिला न परवडलेलं आहे ते चुकीच्या मुदतीचं कर्ज, पण वाडीत बोललं जातं सोलर परवडत नाही म्हणून, आणि मग दहा घरं मागे हटतात.

हप्त्याचं तर वेगळंच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्राने नीट होऊ दिलं तर नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडणार. आंब्याचा पैसा मार्च ते मे, त्यातही वाशीच्या दलालाकडून पट्टी कधी येते ती येते. जूनमध्ये आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी, पोरांच्या शाळा, मग गणपती. ह्या घरांना दर महिन्याच्या पाच तारखेला सारखा हप्ता लावला तर जून-जुलै-ऑगस्टचे तीन हप्ते थकणार म्हणजे थकणारच, आणि तेवढ्यावर तुम्ही त्याला थकबाकीदार म्हणून लिहिणार. पीककर्ज देताना हंगाम बघून वसुली करायची पद्धत सहकारात पहिल्यापासून आहे ना? मग तीच पद्धत इथे लावायला काय अडचण आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आता ज्या गोष्टीवर सभेत कुणी एक शब्द बोललं नाही ती, म्हणजे आधी वीज वाचवायची. आमच्या ठरावात ते पहिल्या ओळीत होतं. जुना फॅन ७० ते ७५ वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे नव्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा फॅन ३० वॅटच्या आसपास. एका घरात चार फॅन दिवसाला १२ तास फिरले, आणि आपल्याकडे फिरतातच, तर महिन्याला ६५ युनिटच्या आसपास वाचतात. चार फॅनला लागतात बारा हजार. वाचलेली युनिटं वरच्या स्लॅबमधली असतात, त्यामुळे महिन्याला साडेसहाशे-सातशे रुपये सुटतात, दीड वर्षात पैसे वसूल. जुना गंजलेला फ्रीज बदलून पाच स्टारचा घेतला, पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळत असेल तर दुरुस्त केला, तर अजून. आणि मुख्य म्हणजे ज्या घराला २५० युनिट लागत होती त्याला १८५ पुरायला लागली की ३ किलोवॅटच्या जागी २ किलोवॅटमध्ये काम भागतं. २ किलोवॅटचं कोटेशन १ लाख ४० हजारांच्या आसपास, त्यावर ६० हजार सबसिडी, राहिले ८० हजार. १० टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता १,७०० रुपये. ३ किलोवॅटच्या १ लाख २२ हजारांना तोच हप्ता २,६०० होतो. बारा हजाराचे फॅन आधी घेतल्यामुळे महिन्याच्या हप्त्यात नऊशे रुपयांचा फरक पडतो! हा हिशोब मी वहीत मांडून सभेला आणला होता, वही पिशवीतच राहिली. बारा-पंधरा हजाराचं असं छोटं कर्ज कुठली राष्ट्रीयीकृत बँक देत नाही, ते पतसंस्थेचंच काम आहे, आणि तुम्ही टीव्हीसाठी, मोबाईलसाठी देताच आहात.

लाईट जाण्याबद्दलही सांगायला हवं कारण ह्यात लोकांची फसगत होतेय. साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट बाहेरच्या लाईनला जोडलेलं सोलर असलं की बाहेरची लाईट गेल्यावर तेही बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच बनवलेलं असतं आणि बरोबरच आहे. पण विकणारे हे सांगत नाहीत. कोकणात जून ते सप्टेंबर लाईट कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही, झाडाची एक फांदी पडली तरी अख्खा फीडर बंद. त्यामुळे इथे बऱ्याच घरांना हायब्रीड (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि थोडी बॅटरी लागते, निदान फ्रीझर, दोन बल्ब आणि मोबाईल चालेल एवढी. बॅटरीला सबसिडी नाही. म्हणजे देशावरच्या घरापेक्षा आमचा खर्च जास्त आणि मदत तेवढीच. चिपळूणजवळ पोफळीला कोयनेची वीज तयार होते, सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट, आणि त्याच जिल्ह्यातल्या वाड्या पावसाळ्यात रात्र रात्र अंधारात असतात, ह्याचा मला मनापासून राग येतो. तो तुमचा दोष नाही. पण बॅटरीचे तीस-चाळीस हजार कर्जात धरायचे की नाही हे ठरवणं तुमच्या हातात आहे.

खाऱ्या वाऱ्याचंही तसंच. आमच्या इथे एका घरावर दोन पावसाळ्यांपूर्वी सोलर बसवलं, शहरातून आलेल्या पोरांनी एका दिवसात बसवून दिलं, सगळ्यात स्वस्त कोटेशन होतं. मी वर चढून बघितलंय, पॅनल चकाचक आहेत पण खालच्या अँगलचे वेल्डिंगचे जोड तांबडे पडलेत, नटबोल्ट हाताने चोळला की भुगा हाताला लागतो, आणि पत्र्यावर गंजाचे लाल ओघळ उतरलेत. निसर्गनंतर निम्म्या गावाने कौलं काढून पत्रे घातले, त्या पत्र्याला जिथे भोक पाडून स्ट्रक्चर ठोकलंय तिथून पडवीत गळतं. पुढचं वादळ येईल तेव्हा ते पॅनल कुणाच्या अंगणात जाऊन पडतील देव जाणे. हे पॅनल पंचवीस वर्षं चालायला पाहिजेत. कर्ज देणारी संस्था जर म्हणाली की समुद्रापासून जवळच्या घराला ८० मायक्रॉनचं हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड (जस्ताचा जाड मुलामा दिलेलं) नाहीतर अॅल्युमिनियमचं स्ट्रक्चर आणि स्टेनलेसचेच बोल्ट असतील तरच पैसे सुटतील, तर एका वर्षात सगळे विक्रेते सुधारतील. एकट्या घरमालकाचं ते ऐकत नाहीत, पण ज्याच्या हातात चेक असतो त्याचं सगळे ऐकतात.

तुमची भीती वसुलीची आहे, मला समजते. ठेवीदाराचा पैसा आहे, बुडाला तर तुम्हालाच उत्तर द्यायचंय, आणि विनातारण कर्जाला तुमच्यावर मर्यादा आहेत. पण ज्या कर्जातून दुसऱ्या महिन्यापासून घराचा खर्च कमी होतो असं कर्ज तुमच्याकडे दुसरं कुठलं आहे? शेजारच्या कर्नाटकात हे होऊन गेलंय. सेल्को नावाची कंपनी १९९५ मध्ये हरीश हांडे यांनी सुरू केली, त्यांनी गरीब घरांना नुसते सोलरचे दिवे विकले नाहीत, गावोगावच्या ग्रामीण बँका आणि सहकारी संस्थांना गाठून कर्ज कसं द्यायचं, हप्ता कमाईप्रमाणे कसा बांधायचा हे बसवून दिलं. भाजीवाली रोज कमावते तर तिच्याकडून रोज थोडं घ्यायचं, सुपारीवाल्याकडून सुपारी विकल्यावर. हांडेंना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००३ पासून काही वर्षं कॅनरा आणि सिंडिकेट ह्या दोन बँकांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मदतीने त्याच भागात हजारो घरांना सोलरचं कर्ज दिलं. तेव्हा तर पॅनल आजच्या कितीतरी पट महाग होते.

आणि रोज थोडं थोडं गोळा करायची पद्धत तुम्हाला नवीन आहे का? पिग्मीच की ती. ती त्याच कर्नाटकात उडुपीकडे १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने सुरू केली आणि किनाऱ्याने वर येत येत आज आपल्या प्रत्येक बाजारपेठेत पिग्मीवाला दुकानादुकानात, मासळीबाजारात फिरतो. जी मच्छीवाली रोज शंभर रुपये पिग्मीत टाकते तिच्याकडून सोलरचे साठ रुपये रोज घेतले तर महिन्याचे अठराशे होतात, २ किलोवॅटचा हप्ता त्यात बसून वर शंभर रुपये उरतात. तुमचा माणूस तिच्यापर्यंत रोज जातोच आहे. फक्त त्याच्या मशीनमध्ये एक खातं वाढवायचंय.

घाटावर बघायचं तर कुंभार्ली चढून गेलं की पाटण तालुका लागतो, तिथलं मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. छोटं गाव आहे, पण सगळं गाव एकत्र बसलं म्हणून झालं. आमच्याकडे गाव एकत्र बसायला शिमगा आणि गणपती आहेत, चाकरमानी येतात, देवळाच्या जीर्णोद्धाराला एका रात्रीत लाखांचे आकडे बोलले जातात. त्याच चाकरमान्यांना तुम्ही सांगा की संस्थेत सोलरसाठी वेगळी ठेव ठेवा, व्याज नेहमीपेक्षा अर्धा-एक टक्का कमी, पण पैसा तुमच्याच गावातल्या घरांवर लागेल आणि दरवर्षी सभेत त्याचा हिशोब मिळेल. ठेवणारे खूप निघतील. मी काहीजणांशी बोललेय, ते तयार आहेत.

म्हणून आमच्या मागण्या सरळ लिहिते, म्हणजे धोरणात काय बसवायचं ते तुम्हाला शोधत बसायला नको.

सोलर आणि वीजबचत अशी एकच कर्ज योजना करा, १५ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. त्यात फॅन, फ्रीज, पंप, पॅनल, बॅटरी सगळं आलं पाहिजे. व्याज १० टक्क्यांच्या वर नको आणि मुदत पाच ते सात वर्षं हवी. ज्या सहकारी बँका आहेत त्यांना तर घरगुती सोलरचं १० लाखांपर्यंतचं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांनी ठरावीक वाटा द्यायलाच हवा अशा कर्जांत, धरता येतं, म्हणजे त्यांचंही उद्दिष्ट पूर्ण व्हायला मदतच आहे.

सबसिडी येईपर्यंतची रक्कम वेगळी धरा. दोन लाखांतले ७८ हजार हे अल्पमुदतीचं कर्ज, सबसिडी खात्यात आली की त्यातून ते बंद, आणि उरलेल्या रकमेवरच हप्ता बांधा. ह्यासाठी सभासदाकडून आधीच लेखी घ्या, आमची ना नाही.

हप्ता हंगामाप्रमाणे. मच्छीमाराला जून ते ऑगस्ट हप्ता नको, आंबेवाल्याला एप्रिल-मेमध्ये मोठा चालेल, दुकानदाराला आणि मच्छीवालीला पिग्मीतून रोज. ज्याला पगार आहे त्याला दरमहा ठेवा.

तारण म्हणून सोनं आणि सातबारा मागू नका. बसवलेलं सोलर संस्थेकडे तारण, सोबत दोन जामीनदार नाहीतर बचत गटाची सामूहिक हमी, हे पुरेसं धरा. घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा राहत्या घराचा दाखला चालवा. आणि लाईटबिल मयत माणसाच्या नावावर असेल तर ते नाव बदलून द्यायला संस्थेतच आठवड्यातून एक दिवस माणूस बसवा, कारण बिल स्वतःच्या नावावर असल्याशिवाय सबसिडीचा अर्जच पुढे जात नाही आणि अर्धी घरं तिथेच अडकलीत. हे एक काम जरी तुम्ही केलंत, कर्ज न देता नुसतं एवढंच, तरी लोक दुवा देतील.

स्ट्रक्चरचं वर लिहिलंय ते कर्जाच्या अटीत घाला, आणि योजनेप्रमाणे विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करायची असते त्याचा कागद घेतल्याशिवाय शेवटचे पैसे सोडू नका. वादळाचा विमा सगळ्या कर्जदारांचा मिळून एकत्र काढा, म्हणजे हप्ता कमी बसेल.

ग्रामपंचायतींनाही ह्यात एक सांगणं आहे. तुमच्या हद्दीत सूर्यघर योजनेतून जेवढी घरं होतील त्या प्रत्येकामागे केंद्राकडून ग्रामपंचायतीला १,००० रुपये प्रोत्साहन आहे. तो पैसा दुसरीकडे वळवण्यापेक्षा पतसंस्थेकडे हमी निधी म्हणून ठेवा. शंभर घरं झाली की लाख रुपये होतात, एखाद-दुसऱ्या घराचा हप्ता आजारपणात थकला तर त्यातून भागेल, आणि संचालकांचीही भीती कमी होईल.

पहिल्या वर्षी सगळ्यांना द्या असं आम्ही म्हणतच नाहीये. एका संस्थेने वीस घरं घ्या, दहा नुसती फॅन-फ्रीजची आणि दहा सोलरची, वर्षभर वसुली बघा, बिलं बघा, आणि ते आकडे पुढच्या सभेत मांडा. आमच्या गटातून वीस नावं द्यायला मी आजच तयार आहे, त्यांची मागच्या बारा महिन्यांची बिलं आम्ही गोळा करून ठेवलीत, कुणाला किती युनिट लागतात, छपरावर दक्षिणेकडे जागा किती आहे, माडाची सावली कुठे पडते, सगळं लिहून ठेवलंय. तुमचा कर्ज अधिकारी एक दिवस गावात पाठवा, आम्ही घर घर दाखवू.

ठराव आम्ही पुन्हा देतोय, ह्या वेळी संस्थेच्या कार्यालयात आणि प्रत्येक संचालकाच्या हातात एक एक प्रत. पावसाळ्याआधी बसवायचं असेल तर मार्चच्या आत निर्णय हवा, कारण मीटरला आणि तपासणीला वेळ जातो आणि जून लागला की छपरावर कुणी चढत नाही. पुढच्या सप्टेंबरातल्या सभेपर्यंत थांबलं तर आणखी एक पूर्ण उन्हाळा वाया जाईल. विशेष सभा बोलवायची मागणी करायचा सभासदांना कायद्याने हक्क आहे आणि त्यासाठी आम्ही सह्या घ्यायला सुरुवात केलीय. तुम्ही स्वतःहून सभा लावलीत तर आम्हाला जास्त आनंद होईल. उत्तर लेखी द्यावं ही विनंती, हो असलं तरी आणि नाही असलं तरी कारणासकट.

आपली,
पतसंस्थेची सभासद आणि बचत गटाची अध्यक्ष,
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी